भिंतीवरचा ससा उतरवू नका, त्याच्याबद्दल लिहा

२०१९ मध्ये केंब्रिजच्या ह्यूज हॉल कॉलेजमध्ये एका पेंटिंगवरून वाद झाला होता. कॉलेजच्या जेवणाच्या हॉलमध्ये फिट्झविल्यम म्युझियमकडून उसनं आणलेलं एक मोठं चित्र होतं, सतराव्या शतकातलं, अँटवर्पच्या फ्रान्स स्नायडर्सच्या स्टुडिओतलं. विषय पक्ष्यांचा बाजार, म्हणजे विक्रेता आणि त्याच्यासमोर मेलेल्या पक्ष्यांचा, शिकारीचा नुसता ढीग. मांस न खाणाऱ्या काही जणांनी सांगितलं की हे समोर असताना घास घशाखाली उतरत नाही, आणि कॉलेजने चित्र उतरवलं. बातमी जगभर फिरली आणि नेहमीसारखे दोन तट पडले, एक म्हणे आजकालच्या पोरांना काहीच सहन होत नाही, दुसरा म्हणे बरं झालं, असली हिंसा भिंतीवर कशाला हवी.

मला दोन्ही पटत नाही. पोरांना हसणाऱ्यांचं तर अजिबात नाही, कारण त्या पोरांनी जे केलं ते आपण म्युझियममध्ये जाऊन सहसा करत नाही. त्यांनी चित्रातले प्राणी बघितले. आपण बघतो तो ब्रश, तो प्रकाश, ते मखमलीचं कापड, आणि "काय पिसं रंगवलीत" म्हणून पुढच्या खोलीत जातो. त्यांना ते पक्षी मेलेले दिसले, आणि ते मेलेलेच होते, त्यात त्यांची काही चूक नाही. पण त्यावर चित्र काढून टाकणं हा उपाय मात्र साफ चुकीचा वाटतो, कारण ज्या एकमेव जागी तो प्राणी आज दिसतो ती जागाच तुम्ही रिकामी केलीत. तेच चित्र नंतर फिट्झविल्यमने युरोपातल्या खाण्यापिण्यावरच्या आपल्या प्रदर्शनात लावलं, आणि ते योग्य झालं.

माझं म्हणणं एवढंच आहे की अशी चित्रं भिंतीवर राहू देत, पण शेजारच्या लेबलवर त्या प्राण्यांबद्दल लिहा. कुठला प्राणी, कुठून आला, कसा पकडला किंवा मारला गेला, आणि त्याला चित्रात ठेवून कोणाला काय मिळालं. आर्टिस्टचं नाव, साल, ऑइल ऑन कॅनव्हास आणि "आयुष्याची क्षणभंगुरता" एवढ्यावर भागवू नका.

हेगच्या माउरित्सहाउसमध्ये यान बाप्टिस्ट वेनिक्सचं एक चित्र आहे, साधारण १६५० च्या आसपासचं. एक तित्तर. एका पायाने खिळ्याला उलटा टांगलेला, मागे फक्त फिकट रंगाची भिंत, बाकी काही नाही, टेबल नाही, चांदीचं भांडं नाही, फळं नाहीत. दुसरा पाय सुटा. पंख आपल्याच वजनाने खाली उघडलेला, त्यातलं पीस न पीस वेगळं दिसतं. डच स्टिल लाइफमध्ये, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या चित्रांत, एवढी गर्दी असते की मेलेला पक्षी त्यातलीच एक वस्तू होऊन जातो, इथे ती पळवाटच नाही, तुम्ही आणि तो पक्षी. मला हे त्या सगळ्या काळातलं सगळ्यात प्रामाणिक चित्र वाटतं.

त्याचा मुलगा यान वेनिक्स याने नेमकं उलटं केलं. तो १७१९ पर्यंत जगला आणि मेलेले ससे नि हंस रंगवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्याचा ठरलेला ससा डोळ्यासमोर आणा, मागच्या एका पायाने टांगलेला, डोकं खाली, पोटाचा पांढरा मऊ भाग बरोबर आपल्याकडे वळवलेला, आणि पाठीमागे मोठा बाग, दगडी कलश, पुतळे, दूरवर बंगला. ती फर बघून हात लावावासा वाटतो. आता हा बाग कशाला? तर त्याचं उत्तर कायद्यात आहे. हॉलंडमध्ये शिकार हा काही कोणीही उठून करायचा उद्योग नव्हता, मोठ्या शिकारीचा हक्क मुख्यतः सरदार-जमीनदारांकडे होता, हंस पाळणं हाही खास हक्क होता. आणि इकडे आम्स्टरडॅमचे व्यापारी मात्र मसाल्याच्या, धान्याच्या, साखरेच्या पैशावर गब्बर झालेले, फेख्त नदीच्या काठाने बंगले बांधत सुटलेले. पैसा आला पण सरदारकी कुठून आणणार? मग सरदाराच्या घरी जी शिकार टांगलेली असते ती आपल्या दिवाणखान्यात रंगवून टांगायची. म्हणजे त्या घरात बऱ्याचदा तो ससा कधी आलाच नव्हता. त्याचं चित्र आलं, आणि त्या चित्राने मालकाची पत वाढवली.

आता हे कळल्यावर चित्र वाईट झालं का? मला तर ते जास्त नीट दिसायला लागलं. तो बाग, तो बंगला, ती शिकारीची मखमली पिशवी, सगळं त्या सशाच्या जिवावर उभं आहे हे दिसतं. आणि तरी बऱ्याच ठिकाणी या चित्रांखाली वाचायला मिळतं ते फरच्या टेक्श्चरबद्दल. टेक्श्चर मोठंच आहे, वादच नाही, पण टेक्श्चर सशाचं आहे हो.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं कारण त्याचा एक धागा आपल्या किनाऱ्याला लागतो. आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पीटर क्लास्झचं १६२७ चं एक स्टिल लाइफ आहे, टर्की पाईवालं, पाई म्हणजे आत मांस भरून भाजलेला पिठाचा पदार्थ. टेबलावर पांढरं कापड, कालवं, सोललेलं लिंबू, चिनी पोर्सेलिनचं भांडं, नॉटिलस या समुद्री जिवाच्या शंखाचा चांदीत मढवलेला कप, छापील कागदाच्या पुडीत मिरी, आणि या सगळ्यावर एक मोठी पाई जिला खऱ्या टर्कीचं डोकं, पंख आणि शेपूट परत लावलंय. आत त्या पक्ष्याचंच मांस आणि वर त्याचाच पुतळा, मेजवानीचा त्या काळातला थाट होता तो. टर्की मूळची अमेरिकेतली. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात युरोपात आणली, शंभर वर्षांत ती श्रीमंतांच्या टेबलावर पोचली.

आणि तोच पक्षी, पोर्तुगीज जहाजांच्या वाटेने, गोव्यालाही पोचला होता. जहांगीर बादशहाने आपल्या मुकर्रब खान या सरदाराला गोव्याला पाठवलं होतं, तिथे काय अपूर्व मिळेल ते घेऊन ये म्हणून, आणि १६१२ मध्ये तो जे घेऊन आला त्यात एक टर्की होती. जहांगीरने तिचं वर्णन लिहून ठेवलंय, तिच्या डोक्या-मानेचा रंग घडोघडी कसा बदलतो, ती माजावर आली की तो भाग पोवळ्यासारखा लाल कसा होतो, वगैरे, अगदी तासन्‌तास बसून बघितल्याशिवाय लिहिता येणार नाही असं. वर असंही म्हणतो की बाबराने प्राण्यांची वर्णनं लिहिली पण त्यांची चित्रं काढून घेतली नाहीत, मी दोन्ही करवतो. त्याचा दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर याने काढलेली ती टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. एकटी, बाजूने, जिवंत, उभी.

पंधरा वर्षांच्या अंतराने एकाच जातीचा पक्षी, एकीकडे पाईवर खोचलेलं डोकं, दुसरीकडे अख्खा पक्षी. मी यातून मुघल दयाळू आणि डच क्रूर असं म्हणणार नाही, ते खोटं ठरेल, जहांगीर शिकारीचा प्रचंड शौकीन होता आणि त्याच्या दरबारातली ती टर्की हीसुद्धा एक मिरवायची चीजच होती. पण दोन चित्रं शेजारी ठेवली की क्लास्झच्या टेबलावर काय चाललंय ते एकदम उघड होतं. ते टेबल म्हणजे समुद्री व्यापाराचा नकाशा आहे, अमेरिकेची टर्की, पूर्वेकडच्या समुद्रातला नॉटिलस, चीनचं पोर्सेलिन, आशियातली मिरी. ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून यातला पूर्वेकडचा माल हॉलंडला जायचा त्याच कंपनीने पुढे १६३७ मध्ये, गोव्याच्या पोर्तुगिजांना शह द्यायला, आपल्या वेंगुर्ल्याला वखार घातली, तिचे पडके अवशेष आजही तिथे उभे आहेत. म्हणजे आपण या चित्राकडे अगदीच परक्याच्या घरात डोकावल्यासारखं बघायचं कारण नाही.

त्या नॉटिलसबद्दल कोणी बोलत नाही हे मला खूप खटकतं. शंख-शिंपले म्हटलं की आपल्याला तो प्राणी वाटतच नाही, वाटते ती डेकोरेशनची वस्तू. हॉलंडमध्ये तर सतराव्या शतकात शंखांचं वेडच होतं, बाल्थासार फान डर आस्टच्या चित्रांत फुलांच्या कुंडीखाली इंडो-पॅसिफिकमधले शंख रांगेने मांडलेले असतात. प्रत्येक शंखात एक मऊ अंगाचा जीव राहत होता. रेम्ब्राँने १६५० मध्ये एका शंखाचं एचिंग केलं, म्हणजे धातूच्या प्लेटवर कोरून कागदावर छापलेलं चित्र, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा कोन शंख, हाताएवढ्या कागदावर इतकं देखणं काम मी दुसरं पाहिलं नाही. एचिंगमध्ये प्लेटवर काढाल त्याच्या उलटं छापून येतं. रेम्ब्राँने आपली सही प्लेटवर उलटी कोरली म्हणून ती छापात सुलटी आली, शंख मात्र दिसला तसाच कोरला, त्यामुळे छापात त्याचं वेटोळं निसर्गात असतं त्याच्या उलट दिशेने फिरतं. यात रेम्ब्राँला कमीपणा नाही. पण नाव नीट यायला हवं याची काळजी घेतली गेली आणि जिवाचं घर उलटं झालं तरी चाललं, हे मला त्या सगळ्या काळाबद्दल बरंच काही सांगतं.

आता माझ्या म्हणण्यावर जाणकार लोक एक आक्षेप घेतात की हे प्राणी मुळात प्राणी म्हणून नाहीतच, ती प्रतीकं आहेत. माशी म्हणजे सडणं, फुलपाखरू म्हणजे आत्मा, लॉब्स्टर म्हणजे चैन, शंख म्हणजे पैशाची उधळपट्टी. यात तथ्य आहे, १६१४ च्या एका डच पुस्तकात शंखांचं चित्र काढून खाली स्पष्ट म्हटलंय की मूर्ख माणूस कशावर पैसा घालवेल सांगता येत नाही. पण प्रत्येक प्राण्याला प्रतीकाच्या खुंटीला बांधून टाकलं की पुढे बघायची गरजच उरत नाही, "अच्छा, म्हणजे मृत्यू" असं म्हणून माणूस मोकळा. तो लॉब्स्टर लाल आहे ना, जिवंत असताना तो काळपट निळा असतो, लाल झालाय म्हणजे उकळलाय. चैनीचं प्रतीक असेल तर असेल, पण आधी तो एका भांड्यात उकळला गेला.

आणि प्रतीकं कशी चिकटवली जातात याचा राइक्सम्युझियममध्येच एक जबरदस्त पुरावा आहे. यान आस्सेलाइनचा तो चवताळलेला हंस, साधारण १६५० चा. स्टिल लाइफ नाही, पण मुद्दा तोच. पंख पसरून, मान ताणून, अंड्यांच्या घरट्यासमोर उभा, पाण्यातून एक कुत्रा येतोय आणि हंस त्याच्यावर धावून जातोय. पुढे कोणीतरी त्या चित्रावर शब्द रंगवले, हंसाखाली राज्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचं पद, एका अंड्यावर "हॉलंड", कुत्र्यावर "राज्याचा शत्रू". झालं, हंस म्हणजे डच राजकारणी योहान दे विट, देशाचा रक्षक. गंमत नाही, खरंच दीडशे वर्षांनी सरकारी कलासंग्रहासाठी १८०० मध्ये घेतलेलं पहिलं चित्र हेच, याच अर्थामुळे. पण आस्सेलाइन १६५२ मध्ये गेला आणि दे विट त्या पदावर आला १६५३ मध्ये! चित्रकाराने रंगवला होता घरट्यासमोर उभा राहिलेला एक पक्षी, आपली अंडी वाचवणारा. ती धडपड त्याला रंगवण्यालायक वाटली होती, तिला देश-बिश लागत नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त जोरात येतो. आजची नैतिकता सतराव्या शतकावर लादू नका, तेव्हा कोणाला प्राण्यांचं दुःख वगैरे सुचत नव्हतं. हे ऐकायला समजूतदार वाटतं पण इतिहासाला धरून नाही. प्राण्याला वेदना होते का, हा प्रश्न त्याच देशात, त्याच दशकांत, त्याच शहरांत पेटलेला होता. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त १६२८ पासून वीस वर्षं हॉलंडमध्ये राहिला, प्राणी म्हणजे यंत्र हे त्याचं मत ज्यात आलं ते पुस्तक लायडनमध्ये १६३७ साली छापलं गेलं, आणि त्याने स्वतः पत्रात लिहिलंय की आम्स्टरडॅममध्ये एका हिवाळ्यात तो जवळजवळ रोज खाटकाकडे जायचा, जनावरं कापताना बघायला आणि अवयव घरी आणून चिरायला. डच तत्त्वज्ञ स्पिनोझाने १६७७ मध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथात उलट बाजू धरली, प्राण्यांना जाणीव असते हे मी नाकारत नाही म्हणाला, पण लगेच पुढे असंही म्हणाला की म्हणून त्यांना मारू नये हा नियम निव्वळ अंधश्रद्धेवर आणि बायकी दयेवर उभा आहे. मला त्याचं हे वाक्य अजिबात आवडत नाही, पण ते फार कामाचं आहे, कारण ज्याला खोडून काढायची गरज पडते ते मत कोणाचं तरी असतंच. म्हणजे वेनिक्स ससा रंगवत होता तेव्हा "हे बरोबर आहे का" असं विचारणारे लोक आजूबाजूला होते. तो प्रश्न आपण आज लेबलवर लिहिला तर बाहेरून काही आणत नाही, त्यांचाच प्रश्न त्यांच्याच चित्राशेजारी ठेवतोय.

आणि सगळे चित्रकार काही प्राण्यांकडे वस्तू म्हणूनही बघत नव्हते. ऑट्टो मार्सेउस फान स्क्रीक म्हणून एक होता, त्याने स्टिल लाइफ टेबलावरून उचलून जमिनीवर आणलं, अंधारं रान, ओलसर माती, अळंबी, बेडूक, साप, पाली, पतंग. रोममधले चित्रकार त्याला हुंगणारा म्हणायचे कारण तो सतत जमिनीजवळ वाकून असले जीव शोधत फिरायचा. आम्स्टरडॅमजवळ त्याने जागा घेऊन साप, बेडूक पाळले होते, जिवंत बघून रंगवता यावेत म्हणून. पण याच माणसाने फुलपाखरं रंगवताना काय केलं? ओल्या रंगावर खरं फुलपाखराचं पंख दाबलं, पंखावरचे बारीक खवले रंगात चिकटले, आणि मग वरून ब्रश फिरवला. त्याच्या काही कॅनव्हासवर ते खवले तपासणीत सापडलेत. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीचं एक फुलपाखरू त्या चित्रात अक्षरशः आहे, रंगासारखं वापरलेलं. प्रेम आणि वापर एकाच माणसात, एकाच हातात. हे सगळं लेबलवर आलं पाहिजे की नको? मला तर वाटतं शाळेतली मुलं या एका चित्रासमोर अर्धा तास उभी राहतील.

लेबलं वाढवून बघण्याचा आनंद जातो, असंही काही जण म्हणतात, आणि हे म्हणणं मी गंभीरपणे घेतो कारण जास्त मजकूर असला की लोक चित्राऐवजी मजकूरच वाचत बसतात हे खरंय. पण डच चित्रकार फाब्रिशियसचा गोल्डफिंच हा छोटा पक्षी बघा, १६५४ चा, माउरित्सहाउसमधला, जेमतेम वहीच्या पानाएवढा. त्याच्या पायात बारीकशी साखळी आहे, सहज नजरेतून सुटेल अशी. हा पक्षी तेव्हा लोक पाळायचे कारण त्याला साखळीने अंगठीएवढ्या टोपणात पाणी ओढून प्यायला शिकवता यायचं, घरातल्या लोकांची करमणूक. एवढी दोन वाक्यं वाचा आणि परत चित्राकडे बघा. साखळी आधी दिसते आणि मग पक्षी, आणि मग नजर हलत नाही. माहितीने आनंद गेला नाही, वाढला, फक्त तो हलकाफुलका राहिला नाही.

हे होऊ शकत नाही असंही नाही. २०२१ मध्ये राइक्सम्युझियमने गुलामगिरीवर मोठं प्रदर्शन केलं तेव्हा कायमच्या संग्रहातल्या वस्तूंना आणि चित्रांना ७७ जादा लेबलं लावली, आधी जे सांगितलं नव्हतं ते सांगणारी. काहींना राग आला, पण चित्रं जागेवरच राहिली आणि लोकांनी वाचलं. माणसांच्या बाबतीत हे आधी होणं बरोबरच होतं, त्याची आणि प्राण्यांची बरोबरी करायचा माझा हेतू नाही. मी एवढंच म्हणतोय की पद्धत तयार आहे, भिंत तीच, जागा तीच. पुढच्याच वर्षी त्यांनी कलेतल्या कीटक, पाली, बेडूक यांच्यावर प्रदर्शनही केलं, म्हणजे इच्छाही आहे. ते प्रदर्शन संपलं की बोर्ड उतरतात, कायमच्या गॅलरीत मात्र ससा परत टेक्श्चर होतो, तिथे बदल हवाय.

तज्ज्ञ शोधायला लांब जावं लागत नाही. लायडनला नॅचरॅलिस हे निसर्गविज्ञानाचं म्युझियम आहे, आम्स्टरडॅमहून ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासावर, तिथे पक्षी, शंख, कीटक ओळखणारी माणसं बसलेली आहेत. दोन्ही म्युझियमने मिळून सुरुवात टर्की पाईपासून करावी. चार ओळी पुरतील: हा पक्षी मूळ अमेरिकेतला, हॉलंडमध्ये श्रीमंतांच्या मेजवानीचा. कापून, शिजवून, मग त्याचं डोकं आणि पंख परत लावले. कपाचा शंख पूर्वेकडच्या समुद्रातल्या नॉटिलसचा, आतला जीव काढून चांदीत मढवला. याच जातीचा एक पक्षी १६१२ मध्ये गोव्याहून जहांगीरकडे गेला, त्याचं चित्र लंडनमध्ये आहे, जमलं तर तेही बघा.